टेबलाखालची वामकुक्षी

उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात मिस्त्री स्नूकरच्या टेबलाखाली शिरला, पाठीवर आडवा झाला, पाना पोटावर ठेवला आणि त्याने डोळे मिटले.

दालनातली तीनशे माणसे पाय मोकळे करायला उठली होती. त्यांच्या बुटांची कुजबुज गालिच्यात मुरत, गालिच्याखालच्या लाकडी मंचात उतरत त्याच्या पाठीपर्यंत येत होती. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर दगडाच्या पाच लाद्या होत्या; त्यांच्यावर ताणून बसवलेली हिरवी लोकरी बनात, आणि तिच्यावर दिव्यांचा पांढरा, सावलीला थारा न देणारा उजेड. खाली मात्र लाकडाचा वास आणि गार अंधार. मिस्त्री काहीही करत नव्हता. तो साठापर्यंत आकडे म्हणत होता. विसाला त्याने एका पायाच्या बोल्टवर पान्याचे दोन हलके टोले दिले. चाळिसाला दुसऱ्या पायावर एक. साठ झाले तसा, बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल इतका भरदार "हं!" काढून तो सरपटत बाहेर आला आणि गुडघे झटकू लागला.

त्याचा मेव्हणा ह्या प्रकाराला टेबलाखालची वामकुक्षी म्हणत असे.

वामकुक्षीचा जन्म वैतागातून झाला होता. मिस्त्री एकतीस वर्षे टेबले बसवत आला होता. लाद्या जोडाव्यात, सांधे बुजवावेत, आठ पायांखालचे बोल्ट केसाकेसाने फिरवावेत, पाणसळीच्या काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध श्वास रोखून उभा राहीपर्यंत आपणही श्वास रोखावा. मग बनात ओढावी, आणि मेव्हण्याने ती एकाच दिशेने, लव न दुखावता, ब्रशने झाडून इस्त्री करावी. एवढे झाले की मिस्त्री एक चेंडू बोटाने इतका हळू सोडी, की तो पलीकडे पोचेल की वाटेतच त्याला झोप लागेल अशी शंका यावी. चेंडू सरळ जाऊन थांबला, की आजच्या दिवसापुरती जगात एक गोष्ट तरी सरळ आहे असे त्याला वाटे.

आणि मग खेळाडू येत.

ते देशोदेशींचे असत. हरताना मात्र सगळे एकाच गावचे होत. कुणी बर्फाळ मुलखातला, जिंकताना दगडासारखा गप्प. पण समोरचा नेम धरायला वाकला की ह्याला नेमका उसासा येई. कुणी दूरच्या बेटावरचा. त्याला ऐन वेळी पेल्यातला बर्फ खुळखुळवायची आठवण होई. एक अतिशय नम्र गृहस्थ पंचांपुढे, प्रेक्षकांपुढे, टेबलापुढेसुद्धा कमरेत लवत, आणि हरल्यावर हात मिळवताना भिंतीकडे बघत. एकजण हार दिसू लागली की उरलेले चेंडू क्यूच्या काठीच्या एका फटक्यात उधळून लावी, जणू टोपलीतले टोमॅटो सडके निघाले. शेजारच्या दालनात पूल नावाच्या खेळाची टेबले होती. तिथले वीर तर चेंडूंचा त्रिकोण नीट लागला नाही म्हणून तो सात-सात वेळा पुन्हा लावायला सांगत, आणि तेवढ्यात समोरच्याच्या मनगटातली ऊब निघून जाई. सगळ्यांच्या भाषा वेगळ्या, पण एक खूण सर्वत्र सारखी होती. चुकलेल्या चेंडूकडे बघायचे, मग टेबलाकडे, मग तळहात आडवा धरून किंचित कलता करायचा. टेबल तिरके आहे. मिस्त्रीला अकरा भाषा प्रत्येकी एका शब्दापुरत्या येत, आणि तो शब्द अकराही भाषांत 'तिरके' हाच होता.

सुरुवातीची काही वर्षे तो प्रत्येक तक्रारीला धावला. प्रत्येक वेळी पाणसळ लावली, आणि प्रत्येक वेळी बुडबुडा निर्विकारपणे मधोमध बसलेला दिसला. मग एकदा, एका लांबलेल्या स्पर्धेच्या सहाव्या दिवशी, कंटाळून तो टेबलाखाली नुसताच पडून आला. खेळाडूने एक चेंडू सोडून पाहिला, "आता कसं!" म्हणून मांडीवर थाप मारली आणि ओळीने पाच डाव, म्हणजे पाच फ्रेम, जिंकल्या. त्या दिवशी मिस्त्रीच्या आत कुठला तरी एक बोल्ट किंचित ढिला झाला. टेबलापेक्षा खेळाडूंची मने समतल करणे सोपे आहे, आणि त्याला पानाही लागत नाही, हे त्याला कळले होते.

बायकोला हे ठाऊक होते. "घरीसुद्धा तेच चाललंय तुमचं," ती म्हणे. "स्वयंपाकघराचं दार कुरकुरतंय म्हटलं, की जायचं, बिजागरीला हात लावायचा आणि यायचं. चार वर्षं झाली. दार अजून रडतंय."

आजच्या सामन्यातले दोघे त्याला चांगलेच माहीत होते. नावे फलकावर होती, पण कामगारांच्या मागच्या खोलीत ती चालत नसत. तिथे मेव्हण्याने ठेवलेली नावे चालत. पहिला पुसोबा. खेळायची पाळी आली, की तो आधी पंचबाईंना पांढरा चेंडू पुसून द्यायला सांगे. पंचबाई पांढऱ्या हातमोज्यांनी चेंडू उचलत, पुसत, ठेवत. हा दोन पावले मागे जाऊन क्यूच्या टोकाला खडू घासत राही. पुन्हा पाळी, पुन्हा पुसणे. नियमात कुठे बसत नाही म्हणावे तर सगळे बसत होते. फक्त समोरच्या खुर्चीवरच्या माणसाचा आवेश त्या पुसण्यात थोडा थोडा निघून जाई.

दुसरा मौनी. हा कुठल्याशा लहान देशातून एकटाच येत असे. सोबत ना प्रशिक्षक, ना मित्र, फक्त क्यूची लांबट काळी पेटी. गेल्या वर्षी अंतिम फेरीत, जिंकायला दोन चेंडू उरले असताना, वाकलेल्या मौनीच्या बाहीची कड एका लाल चेंडूला चाटून गेली. पंचांनी पाहिले नाही, कॅमेऱ्याला दिसले नाही. मौनी ताठ उभा राहिला, एक हात वर केला, "माझा फाऊल," एवढेच म्हणाला आणि जाऊन बसला. करंडक गेला. मिस्त्रीने ते दाराच्या फटीतून पाहिले होते, आणि पुढचे आठ दिवस घरी दुसरा विषय नव्हता. "अहो, कळलं," शेवटी बायको म्हणाली होती, "बाही लागली त्यांची. आता जेवा."

आज मौनी सहा-दोन असा पुढे होता. जो आधी नऊ फ्रेम जिंकेल तो अंतिम फेरीत जाणार होता. मध्यंतर झाले तेव्हा पुसोबाने खुर्चीतून उठता उठता तळहात आडवा धरला आणि कलता केला.

"आलं बोलावणं," मेव्हणा मागच्या खोलीत म्हणाला. इस्त्रीची वायर गुंडाळत त्याने पुढे जोडले, "दाजी, ते कॅमेरावाले मघाशी त्यांची हत्तीण डाव्या अंगाला घेऊन गेले म्हणे. टेबलाच्या अगदी पायाशी."

हत्तीण म्हणजे चाकांच्या गाड्यावरचा तो अजस्र कॅमेरा.

"नेऊ दे ना. सकाळी सात वाजता मी स्वतः पाणसळ लावलीय. बुडबुडा मधोमध होता."

"मी कुठं नाही म्हणतोय? कानावर घातलं."

"सहा-दोननी मार खातोय, म्हणून टेबल तिरकं झालं त्याचं. मौनी बोलला का काही? नाही ना? मग झालं तर."

पाणसळ भिंतीच्या खुंटीवरच राहिली. मिस्त्रीने पाना तेवढा उचलला आणि तो वामकुक्षीला गेला.

तो बाहेर आला तेव्हा पुसोबा वाटच पाहत होता. त्याने एक लाल चेंडू डाव्या बाजूच्या कुशनला, टेबलाच्या रबरी काठाला, लागून अगदी हळू सोडला. त्या चेंडूकडे तो ज्या एकाग्रतेने पाहत राहिला, ती मिस्त्रीच्या लक्षात राहिली. त्या क्षणी त्याला ती खेळाडूंची नेहमीची नाटकबाजी वाटली. चेंडू थांबला. पुसोबाच्या चेहऱ्यावर एक लहानसे, खासगी हसू उमटले. मग त्याने अंगठा वर केला आणि पलीकडे खुर्चीत बसलेल्या मौनीलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "उत्तम! आता कसं सरळ झालं!"

मौनीने मिस्त्रीकडे पाहून मान किंचित झुकवली. आभार मानल्यासारखी.

पंचबाईंनी कागद पुढे केला. 'तपासले. समतल केले.' मिस्त्रीने सही ठोकली. ही सही ह्या आठवड्यात विशेष जपायची होती. पुढची तीन वर्षे सगळ्या मोठ्या स्पर्धांची टेबले त्याच्याकडेच द्यायची असे स्पर्धा मंडळाच्या प्रमुखसाहेबांच्या मनात होते. पत्र टाइप होऊन त्यांच्या बॅगेत पडले होते, आणि अंतिम सामना पार पडला की ते हातात मिळणार होते. एकतीस वर्षे उपऱ्यासारखे बोलावणे आले की जायचे. त्यानंतर प्रथमच कुणीतरी कागदावर लिहून देणार होते, की हा माणूस सरळ म्हणाला म्हणजे ते सरळ.

मागच्या खोलीत एक छोटा पडदा होता. मिस्त्री स्टुलावर बसला, मेव्हण्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली, आणि दोघे सामना पाहू लागले.

नवव्या फ्रेममध्ये मौनीला डाव्या मधल्या पॉकेटकडे एक मऊ फटका खेळायचा होता. असले फटके तो झोपेतही घालू शकला असता. चेंडू निघाला, सरळ निघाला, आणि शेवटच्या वितीत, जणू कुणी हाक मारली म्हणून, डावीकडे वळला. पॉकेटच्या ओठाला लागून तो बाहेर आला.

"चुकला," मेव्हणा म्हणाला.

"हं," मिस्त्री म्हणाला.

मौनीने टेबलाकडे पाहिले नाही. त्याने आपल्या क्यूच्या टोकाकडे पाहिले, मग आपल्या मनगटाकडे, आणि जाऊन बसला. पुसोबाने पांढरा चेंडू पुसून घेतला आणि फ्रेम घेतली. दहावीही घेतली. त्या फ्रेममध्ये मौनीचा पांढरा चेंडू जिथे थांबायला हवा होता त्याच्या चार बोटे पुढे, डावीकडे गेला, आणि पुढचा फटका अशक्य झाला. मिस्त्री स्टुलावरून उठून पडद्याशी गेला. पडदा धुळकट होता. त्याने तो बाहीने पुसला.

"दाजी, तुम्हीपण पुसोबा झालात?"

"गप रे जरा."

अकराव्या फ्रेममध्ये त्याने मौनीकडे पाहायचे सोडले आणि पुसोबाकडे पाहू लागला. एक लाल चेंडू डाव्या कुशनजवळ होता. पुसोबा वाकला आणि त्याने नेम धरला, पण चुकीच्या जागी. पॉकेटच्या मध्यावर नाही, उजव्या काठावर. नवख्यानेही असा नेम धरला नसता. चेंडू त्या चुकीच्या रेषेने हळूहळू निघाला, शेवटच्या वितीत वळला आणि पॉकेटच्या पोटात अलगद उतरला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रीने पडद्यावर बोट ठेवले.

"उतार धरून खेळतोय तो," तो म्हणाला.

"काय?"

"अरे, टेबल खरंच तिरकं आहे! डावीकडे. आणि त्या नालायकाला ते माहीत आहे. मघाशी मी बाहेर आल्यावर त्यानं चेंडू सोडून बघितला ना? तेव्हाच कळलं त्याला, की मी काहीही केलेलं नाही. म्हणून हसला. म्हणून ओरडला, सरळ झालं, सरळ झालं. मौनीला ऐकू जावं म्हणून!"

मेव्हण्याचा हात बाटलीवरच राहिला. "म्हणजे हत्तीण..."

"हत्तिणीखालची मंचाची फळी खचली असणार. टेबलाच्या पायासकट. दोन केसांइतकी. तेवढी पुरते."

"मी म्हटलं होतं हां, दाजी."

"म्हटलं होतंस! जरा मोठ्यांदा म्हणायचं!"

"मोठ्यांदा म्हटलं असतं तर ऐकलं असतंत का? पुसोबाची तक्रार म्हटल्यावर तुमचे कान बंद."

हे खरे होते, आणि खरे असल्यामुळे अधिकच संतापजनक होते. वर्षानुवर्षे खोटे बोलणाऱ्यांच्या जातीतला एक माणूस एकदाच खरे बोलला, आणि ते एकच खरे आपण झोपून काढले. मिस्त्रीला पुसोबाचा राग आला, हत्तिणीचा आला, मेव्हण्याचा आला. त्या मौनीचा तर सर्वांत जास्त आला, जो अजून आपल्या मनगटाकडेच बघत होता.

पडद्यावर सहा-पाच झाले.

"आत जाऊन सांगायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला.

"काय सांगणार? सही केलीय तुम्ही. समतल केले म्हणून. आता तिरकं आहे म्हणालात, की विचारतील मग समतल काय केलं होतं? बॅगेतलं पत्र बॅगेतच राहील."

"मग?"

"दमानं घ्या. मौनी करेल ना तक्रार. त्यानं केली, की तुम्ही पाणसळ घेऊन जायचं, खरंखुरं सरळ करायचं, आणि ब्र काढायचा नाही. त्यानं नुसता हात असा करायचा अवकाश." मेव्हण्याने तळहात कलता केला.

सल्ला इतका शहाणा होता, की मिस्त्रीने तो ऐकला. खुंटीवरची पाणसळ काढून त्याने मांडीवर घेतली आणि बारावी फ्रेम सुरू झाली. तो मौनीच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. एकतीस वर्षे ज्या खुणेने त्याच्या डोक्यात तिडीक जात आली होती, तिची तो आज मनोमन विनवणी करत होता. कर ना हात. एवढा एकच कर. सगळे करतात, रडके, लबाड, उर्मट, सगळे. तुलाच काय धाड भरली आहे? मौनीचा गुलाबी चेंडू डावीकडे वळला. मौनीने ओठ आत घेतले, क्यूचे टोक तपासले, खुर्चीत जाऊन बसला आणि हात मांडीवर ठेवले. दोन्ही तळवे खाली.

सहा-सहा.

मिस्त्री उठला.

"दाजी, बसा!"

"चार फ्रेम खाल्ल्या मी त्याच्या," मिस्त्री म्हणाला. "शेवटची तर डोळ्यांदेखत."

फ्रेमच्या मधल्या अवकाशात पंचबाई चेंडू लावत होत्या. बोलावल्याशिवाय कामगाराने त्या उजेडात पाऊल टाकायचे नसते. मिस्त्री बाजूच्या दाराने आत शिरला आणि गालिच्यावरून चालत टेबलाच्या कडेला येऊन उभा राहिला. एका हातात पाणसळ होती. दुसऱ्या हाताचे काय करावे हे त्याला सुचेना, म्हणून त्याने तो वर केला. तसा हात करताना कुणाला तरी पाहिल्याचे त्याला हात वर गेल्यावर आठवले.

"काय झालं, मिस्त्री?" पंचबाईंनी हळू आवाजात विचारले.

"टेबल तिरकं आहे, बाई. डावीकडे."

"मध्यंतरात तुम्हीच सरळ केलंत ना?"

"नाही केलं." पंचबाईंच्या छातीवर अडकवलेल्या माइकमुळे त्यांच्याजवळ बोललेले सारे दालनाला ऐकू जात होते, हे तो विसरला होता. "नुसता खाली झोपून आलो. साठ आकडे म्हणालो आणि बाहेर आलो. सही खोटी आहे माझी."

मौनीने मान वर केली.

पहिला आवाज पुसोबाचा. तो खुर्चीतून उसळून पुढे आला. "सामना चालू असताना टेबलाला हात लावायचा नाही! टेबलाला काहीही झालेलं नाही! उत्तम टेबल आहे!"

एकतीस वर्षांत प्रथमच एखादा खेळाडू टेबल सरळ आहे म्हणून भांडत होता. मिस्त्रीला हसू आले असते, पण चेहरा ऐकत नव्हता.

"तक्रार आपणच केली होती, महाशय," पंचबाई म्हणाल्या.

"ती... तेव्हाची! आता सरळ आहे!"

"कोणी केलं सरळ?" मिस्त्री म्हणाला. "मी तर झोपलो होतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले आणि मग सगळे दालन हसले. पुसोबाने हसणाऱ्यांच्या दिशेला पाहिले, मग सवयीने म्हणाला, "बाई, पांढरा चेंडू पुसून द्या."

"खेळ थांबलाय," पंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले.

प्रमुखसाहेब धापा टाकत आले तोवर पाणसळ बनातीवर ठेवून झाली होती. काचेतला बुडबुडा डावी रेघ सोडून उजवीकडे चढून बसला होता, उतार नक्की कुठे आहे ते दाखवत. साहेबांनी तो पाहिला आणि मग मिस्त्रीकडे पाहिले.

"आतापर्यंत किती वेळा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले. पंचबाईंपासून ते चार पावले दूर उभे होते.

"मोजलं नाही, साहेब."

"सकाळी तरी बघितलं होतंत?"

"ते देवाशपथ बघितलं होतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "आता करा. नीट करा. सामना संपला, की सामान आवरा. उद्याच्या अंतिम सामन्याला दुसरा माणूस बोलावतो." आणि वळता वळता, अधिकच वैतागून, "अहो, निदान रोज तपासायला काय जात होतं तुमचं?"

मिस्त्री टेबलाखाली शिरला. ह्या वेळी अंधारात त्याने डोळे उघडे ठेवले. डावीकडचा तिसरा पाय. त्याच्याखाली फळीची कड दबली होती, नखाने चाचपली तेव्हा कळली. वरून मेव्हणा पाणसळीवर डोळा लावून सांगत होता, "अजून... अजून किंचित... थांबा, दाजी. बोल्ट पाव आटा मागे." त्याच्या आवाजात आज एकही विनोद नव्हता. सतरा मिनिटे लागली. बाहेर आल्यावर मिस्त्रीने एक चेंडू बोटाने सोडला. तो सरळ गेला, कुशनला टेकला आणि परत न येता थांबला.

झालेल्या फ्रेम नियमाप्रमाणे झालेल्याच धरल्या. सामना सहा-सहावरून पुढे निघाला, सात-सात झाला, आठ-आठ झाला. शेवटच्या फ्रेममध्ये मौनीला एक काळा चेंडू घालायचा होता. अंतर दोन हात, समोरचे पॉकेट, सरळ रेघ. त्याने नेम धरला, आणि तो चुकला. चेंडू कुठेही वळला नाही. मौनीने तो जिथे पाठवला तिथे तो गेला, आणि ती जागा चुकीची होती. पुसोबाने पांढरा चेंडू पुसून घेतला, काळा आत घातला आणि दोन्ही हात वर केले. हात मिळवताना त्याची नजर कॅमेऱ्याकडे होती. दारातल्या वार्ताहरांना तो सांगत होता, "टेबलाशी छेडछाड झाली, तरीही मी शांत राहिलो."

"ऐकलंत?" मागच्या खोलीत मेव्हणा म्हणाला. "शांत राहिला म्हणे!"

मिस्त्री पाने पिशवीत भरत होता.

दारावर टकटक झाली. मौनी होता, खांद्याला क्यूची काळी पेटी, अंगात बाहेर जायचा कोट. तो आत आला नाही. इथली भाषा त्याला मोडकीतोडकीच येत होती, आणि प्रत्येक शब्द तो आधी तपासून मग वापरत होता.

"टेबल चांगलं होतं," तो म्हणाला. "शेवटचा चेंडू मी चुकलो."

एकतीस वर्षांत हरलेल्या एकाही माणसाने हे वाक्य त्याला ऐकवले नव्हते. ते असे, आजच्या दिवशी, ऐकायला मिळावे ह्याने मिस्त्रीचा उरलासुरला धीर सुटला.

"आणि आधीच्या चार फ्रेम?" तो जवळजवळ ओरडलाच. "तेव्हा तिरकं होतं ना? तुमच्यासारख्याला कळलं नाही असं होईल? मग तोंड का शिवून घेतलं होतंत? अहो, एक हात असा करायचा होता! सगळं जग करतं! तुम्ही एकदा केला असता, तर मी पळत आलो असतो!"

मौनीने त्याच्या कलत्या तळहाताकडे पाहिले.

"मला वाटलं, माझा हात बिघडला," तो म्हणाला. "तुम्ही आत्ताच बघून गेला होतात ना."

त्याने मघासारखीच मान झुकवली आणि तो निघून गेला. बोळात त्याच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मिस्त्री तो संपेपर्यंत पाना हातात धरून उभा होता.

मेव्हण्याने ब्रश कापडात गुंडाळला, इस्त्री उचलली, आणि मग नेहमीपेक्षा पुष्कळच जपून विचारले, "दाजी, ताईला फोन करू का? काय सांगू?"

मिस्त्रीने पाणसळ उचलली, बुडबुड्याकडे पाहिले आणि ती पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.

"सांग," तो म्हणाला, "ते स्वयंपाकघराचं दार बघायला मिस्त्री येतोय."